मंडळी, बसून घ्या

त्या दिवशी दूधवाला रोजच्यापेक्षा पंधरा मिनिटं लवकर आला, एवढंच निमित्त झालं. फाटकाची कडी वाजली आणि आमची तिन्ही कुत्री सोप्यातून एकदम सुटली. पुढे वारू, त्याच्या मागे चिंगी आणि सगळ्यांत शेवटी आपलं ३८ किलोचं धूड सावरत बुध्या. फाटकापाशी तिघांची दाटी झाली, बुध्याचा धक्का चिंगीला लागला, आणि दूधवाल्यापर्यंत तोंड पोचत नव्हतं म्हणून तिने हाताशी होता तो बुध्याचा कान धरला. वारू मग दोघांच्याही अंगावर पडला.

कुत्र्याच्या कानाची पाळी फाटली की किती रक्त येतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यात ते डोकं झटकतं. फाटक, भिंत, माझा गाऊन, दुधाची किटली, सगळीकडे शिंतोडे. मी मध्ये हात घातला. घालू नये हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी घातला. तळहातात दोन दात रुतले. कुणाचे ते आजही सांगता येणार नाही.

बुध्याच्या कानाला टाके पडले. मी वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं हात धुतला आणि दवाखाना गाठला. तिघांचंही लसीकरण वेळच्या वेळी झालेलं होतं, पण डॉक्टर म्हणाले की या बाबतीत जोखीम घ्यायची नसते. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. प्रत्येक खेपेला बाकावर बसून मी एकच विचार करत होते. ही तिघं एकेकटी असतात तेव्हा किती शहाण्यासारखी वागतात, मग एकत्र आली की यांच्या अंगात काय येतं?

तिघांची ओळख करून देते. चिंगी गावठी, तेव्हा नऊ वर्षांची. पावसाळ्यात इथे साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या गटारात सापडलेली, घरातली सगळ्यांत जुनी आणि स्वतःला घराची मालकीण समजणारी. बुध्या लॅब्रॅडोर. पुण्यातल्या नातेवाइकांची परदेशी बदली झाली आणि एका बुधवारी तो आमच्याकडे 'थोड्या दिवसांसाठी' आला, तो राहिलाच. वारू हा कारवान. यजमानांनी जतकडून आणलेला. कारवान म्हणजे आपल्याकडचं देशी शिकारी कुत्रं: लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, मोजता येतील अशा बरगड्या. वास घेत बसत नाही, नजरेने सावज धरतं आणि सुटतं. त्याला घेऊन रस्त्याने चाललं की दोन-तीन दिवसांआड कुणीतरी थांबवून विचारतंच, "वहिनी, याला खायला घालत नाही का?" त्याच वेळी शेजारी बुध्या गोणीसारखा उभा असतो. लोक एकदा याच्याकडे बघतात, एकदा त्याच्याकडे, आणि माझ्याविषयी काय समजायचं ते समजतात.

पहिला प्रयत्न फसला, तो थोडक्यात सांगते. एक प्रशिक्षक आठवड्यातून तीनदा घरी यायला लागले. तिघांना ओळीने उभं करायचं, गळ्यात आवळणारी साखळी घालायची आणि चुकलं की हिसका द्यायचा. "या तिघांत हेड कोण ते आधी ठरवा," असं ते पुन्हा पुन्हा सांगत. हेडला आधी जेवण, हेडला आधी दार. महिनाभरात वारूची अवस्था अशी झाली की खुंटीवरची साखळी खुळखुळली तरी तो जागेवर मुतायचा. चिंगी पूर्वी बुध्यावर नुसती गुरगुरायची, आता तो जवळ आला की दात दाखवायला लागली. याचं कारण मला उशिरा उमगलं. हिसका बसायचा त्या प्रत्येक वेळी तिच्या शेजारी बुध्या असायचा. मान दुखते आणि हा बाजूला असतो, एवढाच हिशोब तिने मांडला. आम्ही तिला 'बस' शिकवत होतो आणि ती शिकत होती की बुध्या वाईट.

त्या हेडच्या भानगडीचं पुढे मी थोडं वाचलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली जे लिहिलं, तिथून ही कल्पना पसरली. ते कोंडलेले लांडगे होते, एका आवारात आणून ठेवलेले. आयुष्यभर लांडग्यांमागे हिंडलेल्या डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. म्हणजे सरळ कुटुंबच. कुटुंबच म्हटल्यावर आमच्या घरातला हेड शोधायला कुत्र्यांपर्यंत जायची गरज नव्हती. ती सोप्यात खुर्ची टाकून बसलेली असते आणि तिला आम्ही आत्याबाई म्हणतो. माझ्या सासूबाई.

लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीत आहेत. ते एकदा चहाला आले आणि आल्या आल्या वारूवरच खूश झाले. त्याच्या जातीची भावकी म्हणजे मुधोळ, आणि २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्लं मेरठच्या आपल्या केंद्रात शिकवायला नेली होती, हे त्यांनीच सांगितलं. मी कानाची कहाणी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यांच्यातल्या एकाला तरी, एकट्याला, काय येतं?"

मी विचार केला. चिंगीला 'बस' येतं, पण हातात बिस्कीट असलं तर. बुध्याला 'शेकहँड' येतो, तो कुणी न मागताही देतो. वारूला काहीच येत नाही.

"मग तिघांना एकत्र काय शिकवताय?" ते म्हणाले. "एकट्याला येत नाही ते घोळक्यात कुठून येणार?"

बेंदूर झाला आणि मी नव्याने सुरुवात केली. साखळ्या माळ्यावर टाकल्या. मधल्या खोलीत एका वेळी एकच कुत्रं, चार मिनिटं, दार बंद. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिघांची मिळून दिवसाची २४ मिनिटं. एवढ्याने काय होतंय असं मलाही वाटायचं, पण चार मिनिटांच्या पुढे वारूचं लक्ष खिडकीबाहेरच्या चिमण्यांकडे जायचं आणि बुध्या हाताला ढुसण्या द्यायला लागायचा, म्हणून घड्याळ पाळलं.

पहिली गोष्ट शिकवली ती 'बरोबर'ची खूण. जनावराने हवं ते केलं त्याच क्षणी एक ठरलेला आवाज, आणि लगेच घास. बाजारात त्यासाठी टिकटिक वाजणारी डबी मिळते. माझ्या एका हातात खाऊ, दुसऱ्यात दोरी, डबी कुठे धरणार? माझे वडील बैलांना हाकताना जीभ टाळूला लावून टक् असा आवाज काढत, तोच मी घेतला. तो तोंडात असतो, हरवत नाही. गंमत म्हणजे पुढे भाजी निवडताना माझी जीभ चुकून वाजली तरी तीन तोंडं एकदम वर व्हायची.

खाऊ म्हणजे उकडलेली कोंबडीची कलेजी, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. मोठा तुकडा दिला तर कुत्रं चावत बसतं आणि काय केल्याबद्दल मिळालं ते विसरतं. बुध्याला मात्र काकडी आणि गाजर, आणि दिवसभरात जेवढं दिलं तेवढं रात्रीच्या ताटलीतून वजा. त्याला फरक पडला नाही. त्याला खडू दिला असता तरी चालला असता.

दुसरी गोष्ट गोणपाट. तीन गोणपाटं कापून कडेला जुन्या साड्यांचे काठ शिवले: हिरवा चिंगीचा, लाल बुध्याचा, जांभळा वारूचा. कुत्र्यांना काठाशी देणंघेणं नाही, ती वासावरून आपलं अंथरूण ओळखतात. काठ आमच्यासाठी होते, नाहीतर घरातलं प्रत्येकजण कुणाचंही गोणपाट कुठेही टाकायचं. "जागेवर" म्हटलं की आपल्या गोणपाटावर जायचं, बसायचं आणि नाव घेऊन सोडेपर्यंत तिथेच राहायचं. आधी तीन सेकंद, मग पाच, मग दहा. आणि मध्येच परत तीन. सतत वाढवत नेलं की जनावराला वाटतं दर खेपेला अवघडच होणार, ते कंटाळतं. वारूला बसायलाच यायचं नाही. त्याच्या मांड्या अशा घट्ट की ढुंगण टेकल्यावर त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. त्याला 'बस' सोडून 'पड' शिकवलं, आणि तो पाय पसरून सुखाने पडायला लागला. तिघांनी एकाच पद्धतीने राहिलं पाहिजे असा आग्रह माझाच होता. त्यांना त्याचं काही नव्हतं.

या काळात खरी अडचण आत्याबाईंची होती. मी मधल्या खोलीत चार मिनिटं घाम गाळून यायची आणि सोप्यात त्या चपातीचे तुकडे करकरून, जो पायावर पंजा ठेवेल त्याला देत बसलेल्या असायच्या. "आत्याबाई, तुम्ही असं देऊ नका ना, सगळं बिघडतं." त्यावर उत्तर ठरलेलं, "मुकं जनावर हाय गं. कशाला ताटकळत ठेवतीस?"

दीड महिन्यात तिघांनाही एकेकटं असताना 'जागेवर' पक्कं आलं. मी दार उघडून बाहेर जाऊन परत येईपर्यंत चिंगी हलायची नाही. आता दोघांना एकत्र आणायचं. सोपी जोडी आधी घ्यावी म्हणून चिंगीला आणि वारूला सोप्यात आणलं. गोणपाटांत आठ फुटांचं अंतर, तिसरा बुध्या जाळीच्या दारामागे. आणि सगळं मुसळ केरात. वारूला बोलावलं की चिंगी उठायची. चिंगीला घास दिला की वारू धावायचा. परत नेऊन बसवा, परत उठणार. आठ दिवस हेच चाललं. एकट्याला दोन मिनिटं बसणारी कुत्री दोघांत दोन सेकंद बसेनात. मधल्या खोलीतलं शिक्षण उंबऱ्याच्या अलीकडे आलंच नव्हतं जणू.

नवव्या दिवशी मी वैतागून पायरीवर बसले. आत्याबाई खुर्चीतून बघत होत्या.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तू त्याला हाक मारतीस, तो येतो, त्याला देतीस. बराबर?"

"हो."

"आन् ही बसून ऱ्हाती. हिला काय देतीस?"

"हिला कशाबद्दल? तिने काय केलं?"

"बसली की! त्याच्या तोंडातला घास बघत बसली. ते काय सोपं काम हाय? लग्नात पहिली पंगत उठायची वाट बघत बसून बघ एकदा, उपाशी पोटी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. श्वानपथकवाल्यांनी सांगितलं नव्हतं, वाचलेल्यात कुठे असेल तर माझ्या नजरेतून सुटलं होतं. जो काम करतो त्याला मी पैसे देत होते आणि जो थांबतो त्याला फुकट राबवत होते. एकट्या कुत्र्याला थांबणं सोपं असतं, कारण त्याच्यासमोर दुसरा कुणी खात नसतो. दोघांत आल्यावर तेच काम कितीतरी जड होतं, आणि त्या जड कामाची मजुरी शून्य. कोण थांबेल?

त्याच संध्याकाळी आत्याबाईंची नेमणूक केली. त्यांची खुर्ची दोन्ही गोणपाटांच्या मध्ये, मांडीवर कलेजीची वाटी. नियम एकच. मी एकाला बोलावलं की गोणपाटावर थांबलेल्याला त्यांनी घास द्यायचा, तिथेच, त्याच्या पुढच्या पंजांमध्ये टाकून. उठला तर नाही. माझा घास एक, त्यांचे तीन. मला वाटलं होतं माया करून त्या उठलेल्यालाही देतील. पण हातात वाटी आल्यावर त्या माझ्यापेक्षा कडक निघाल्या. चिंगीने नुसता पुढचा पाय गोणपाटाबाहेर टाकला तरी म्हणायच्या, "पाय आत घे, मग मिळंल." आणि ती घ्यायची.

ती संध्याकाळ मला अजून दिसते. वारूला मी "वारू, ये" म्हणून बोलावलं. चिंगी गोणपाटावर. तिच्या खांद्यावरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरली. मागचे पाय सुटायच्या बेतात आले, ढुंगण बोटभर वर उठलं आणि तेवढ्यात पंजांमध्ये टप् करून कलेजी पडली. तिने खाली बघितलं. खाल्ली. ढुंगण परत टेकलं. वारू माझ्यापाशी पोचला, मी टक् केलं, त्याला घास. चिंगीच्या पंजांत दुसरा टप्. मग तिने वारूकडे बघणंच सोडून दिलं आणि आत्याबाईंच्या हाताकडे बघायला लागली. वारूला हाक मारणं म्हणजे आपल्याला घास मिळणं, हे तिला समजलं होतं. चार दिवसांनी वारूला हाक मारली की ती उलट जास्तच घट्ट बसायची.

दुसरा बदल नावांचा. घरात आम्ही सगळेच "ए, बस रे", "चल, हो बाजूला" असं मोघम बोलतो. तिघांतलं कुणाला म्हटलं हे कुत्र्याने कसं ओळखावं? म्हणून नाव आधी, मग एक श्वास थांबून हुकूम. "बुध्या. ये." नाव ऐकून ज्याचं नाव नाही त्याने कान पाडायला शिकायचं. यासाठी नुसता नावांचा खेळ केला: तिघं समोर, ज्याचं नाव त्याचा घास, क्रम सतत बदलता. वारू दोन दिवसांत शिकला. चिंगीला आठवडा लागला, कारण घरात पडणारा प्रत्येक घास मुळात आपलाच, अशी तिची समजूत. बुध्याच्या ओठातून लाळेची तार थेट फरशीपर्यंत लोंबायची, पण तो जागचा हलायचा नाही. तिघांत मंद समजला जाणारा बुध्याच थांबण्यात सगळ्यांत तरबेज निघाला.

मग तिघांना मिळून हाक मारायला एक शब्द हवा होता. आधी "चला" म्हणून बघितलं. पण आपण मराठी माणसं दिवसातून पन्नास वेळा "चला" म्हणतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा कुठेच जात नाही. कुत्री गोंधळली. "पोरांनो" म्हटलं तर शेजारची मुलं यायची. शेवटी यजमान एकदा थट्टेने म्हणाले, "काय मंडळी, झाली का शाळा?" आणि तोच शब्द ठरला. "मंडळी" म्हणजे तिघंही. "मंडळी, बसा." "मंडळी, जागेवर."

भांडण फाटकाच्या कडीवरून झालं होतं, त्यामुळे खरी परीक्षा तीच. इथे मी हुकूम वापरलाच नाही, कडीलाच हुकूम केला. कडी वाजली की गोणपाट. शेजारच्या पाचवीतल्या मुलाला कामाला लावला: संध्याकाळी दहा वेळा कडी वाजवायची, आत यायचं नाही. प्रत्येक फेरीला त्याला एक लिमलेटची गोळी. पहिल्या दिवशी सहाव्या फेरीनंतर त्याने विचारलं, "काकू, मी पण थांबलोय की बाहेर, त्याची वेगळी नाही का?" आत्याबाई खळखळून हसल्या आणि त्याला दोन जास्तीच्या दिल्या.

आधी एकेकाला, मग दोघादोघांना, मग तिघांना. कडी वाजली की मी "मंडळी, जागेवर" म्हणायची. पंधरा दिवसांनी मी बोलायच्या आधीच बुध्या निघायला लागला. महिन्याने तिघंही. नवरात्र उलटलं तेव्हा आमच्याकडे कडी वाजली की कुत्री फाटकाकडे पाठ करून घराच्या दिशेने पळत. दूधवाला आधी घाबरला, यांना काय झालं म्हणून. आता तो स्वतःच आरोळी देतो, "बसा रे जागंवर!" त्याच्या म्हणण्यावर ती बसत नाहीत, कडीवर आधीच बसलेली असतात. पण ते मी त्याला सांगितलेलं नाही.

फिरायला नेण्याचं प्रकरण निराळं. आम्ही गोडोलीकडून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जातो. तीन दोऱ्या एका हातात धरल्या की शंभर पावलांत त्यांची वेणी पडते. तिघं तीन चालींची. वारू तरंगत जातो, बुध्या प्रत्येक खांबाची विचारपूस करतो, चिंगी मध्येच बसते. आधी एकेकाला डाव्या बाजूने सैल दोरीवर चालायला शिकवलं. जोडी लावायची वेळ आली तेव्हा वडिलांची गोष्ट आठवली. नवा गोऱ्हा ते कधी नव्या गोऱ्ह्याबरोबर जुंपत नसत. जुना, कामाचा बैल एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला. जुना ओढतो तसा नवा चालतो, माणसाने ओरडायची गरज पडत नाही. माझ्या मुलाने सांगितलं की बर्फातल्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचंही असंच असतं, नवशिक्याला अनुभवी कुत्र्याच्या जोडीला देतात. अलास्कात १९२५ साली घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध नोम गावापर्यंत कुत्र्यांच्या गाड्यांनी पोचवलं. सुमारे १५० कुत्री, २० गाडीवान, ६७४ मैल. त्यांच्यापुढे आमचं गोडोली ते गडाचा दरवाजा म्हणजे काय! पण जुंपणीचं तत्त्व तेच. म्हणून वारूला चिंगीच्या जोडीला दिला, आणि बुध्या यजमानांकडे.

दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायला लागतात. अशा एका वाड्याचा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा, तळ आमच्या ओळखीतल्यांच्या शेतात पडला होता, म्हणून तिथे गेले. चार-पाच कुत्री मेंढरांभोवती पसरून बसलेली. कुणी हाक मारत नव्हतं, पण एक उठलं की दुसरं आपली जागा बदलायचं. मी तिथल्या मामांना विचारलं, "यांना शिकवता कसं?" ते म्हणाले, "शिकवायचं काय त्यात? थोरली करत्यात, धाकटी बघत्यात." मी पाच महिने कलेजी कापत होते, ते त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

जे जमलं नाही तेही लिहिते. वारूला मोकळं कधीच सोडत नाही. ससा किंवा धावतं मांजर दिसलं की त्याच्या कानात माझा आवाज शिरतच नाही, पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी ही जात पाळली तेच तो करतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, दोरी पक्की असावी एवढंच. दिवाळीच्या फटाक्यांत सगळी शाळा कोलमडते. पहिला सुतळी बॉम्ब वाजला की वारू पलंगाखाली, चिंगी न्हाणीत, आणि बुध्या आत्याबाईंच्या मांडीवर चढायच्या प्रयत्नात. त्या चार दिवसांत मी काही शिकवत नाही. आणि तिघं आजही तीन कोपऱ्यांत जेवतात, हाडूक घरात कुणालाच नाही. लोक म्हणतात, एवढं शिकवलंत तर एका ताटलीत जेवायला शिकवा. कशासाठी? मलासुद्धा माझ्या ताटात कुणी हात घातलेला आवडत नाही.

गेल्या वर्षी आत्याबाईंची पंच्याहत्तरी केली. अंगणात मांडव, पन्नासेक माणसं. कुत्र्यांना मागे बांधायचं ठरलं होतं, पण सकाळपासून इतकी शांत होती की मी सोप्यात मोकळीच ठेवली. पत्रावळी मांडल्या, वरणभात वाढून झाला. तिघं माणसांच्या पायांतून वास घेत हिंडायला लागली होती. एक पाहुणीबाई "अगं बाई" करत उठायला लागल्या, माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात धाकटे दीर वाढप्यांच्या पुढे येऊन मोठ्याने ओरडले, "चला मंडळी, बसून घ्या!"

बुध्या दोन पत्रावळींच्या मधोमध बसला. चिंगी तुळशीपाशी. वारू, ज्याला बसता येत नाही, तो पंगतीच्या टोकाला सतरंजीवर आडवा झाला. तिघांच्याही माना दिरांकडे वळलेल्या. उभी होती ती माणसं मागाहून बसली. आत्याबाई खुर्चीतून ओरडल्या, "आता त्यांना द्या कायतरी! बसल्यात ती!" आणि पंच्याहत्तरीच्या जेवणातला पहिला घास, नैवेद्य सोडला तर, तीन कुत्र्यांना गेला.

चिंगी आता अकरा पूर्ण करून बाराव्यात आहे. मागच्या पावसाळ्यात लक्षात आलं की "मंडळी, बसा" म्हटल्यावर ती बाकीच्या दोघांपेक्षा किंचित उशिरा बसते. आधी वाटलं सांधे दुखत असतील. मग एकदा तिला एकटीला मधल्या खोलीत घेतलं आणि पाठीमागून हाक मारली. टक् केलं. टाळी वाजवली. ती खिडकीकडे बघत उभी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाने ऐकू येणं जवळजवळ गेलं आहे.

म्हणजे सोप्यात ती आमचा शब्द ऐकतच नव्हती. बुध्या बसला की बसत होती.

आता तिघांनाही हाताच्या खुणा शिकवते आहे: तळहात खाली म्हणजे बसा, मूठ छातीशी म्हणजे जागेवर. वारू आणि बुध्या शिकले. चिंगी माझ्या हाताकडे बघते, न बघितल्यासारखं करते आणि मान वळवून बुध्याकडे बघते, त्याच तुटक्या कानाच्या बुध्याकडे. तो टेकला की हीही टेकते. मी आत्याबाईंना म्हटलं, तिला लगेच देऊ नका, नाहीतर खूण शिकणार नाही. त्यांनी वाटीत बोटं घातलीच होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि कलेजीचा तुकडा तिच्या पंजांमध्ये टाकला. मग थोडा विचार करून एक बुध्यालाही.